सरकारी कागदाचा सातबारा: कायदे, सैन्यसेवा आणि विज्ञान धोरण यांची प्रकाशनं शोधायची कशी, वाचायची कशी

जमीन घेताना आपण विकणाऱ्याच्या शब्दावर जात नाही, सातबारा मागतो. शहाणा माणूस तेवढ्यावरही थांबत नाही. फेरफार काढतो, बोजा आहे का बघतो. सरकारी कागदाच्या बाबतीत मात्र हीच शहाणी माणसं मोबाइलवर आलेल्या पीडीएफवर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

आम्ही खडकीत राहतो. बीईजी हे लष्कराचं इंजिनिअर केंद्र जवळ असल्यामुळे सोसायटीत निवृत्त फौजी बरेच. खालच्या मजल्यावरचे सुभेदारकाका महिन्यातून दोनदा तरी फोन पुढे करतात, "हे बघ, आदेश आलाय." कधी तो खरा असतो, कधी खरा पण दुसऱ्याच कुणासाठी असतो, आणि कधी खरा पण रद्द झालेला. खोटे कागद ओळखायला सोपे असतात. खरे कागदच जास्त फसवतात. काकांमुळे मला या शोधाशोधीची सवय लागली. आता प्रत्येक कागदाला मी चार प्रश्न विचारतो: कुणी काढला, कुठे प्रसिद्ध झाला, कधीपासून लागू आणि नंतर त्यावर फेरफार झाला का? पुढची सगळी पद्धत या चार प्रश्नांभोवतीच फिरते.

आधी कागदाची जात ओळखा

सरकारी कागदांत उतरंड असते. सर्वांत वर अधिनियम, म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला कायदा. त्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून सरकार करतं ते नियम आणि विनियम. ते अमुक तारखेपासून लागू, अमुक जिल्ह्याला लागू, असं जाहीर करते ती अधिसूचना. त्याखाली शासन निर्णय, परिपत्रक, ज्ञापन, धोरणपत्र. आणि सर्वांत खाली, पण सर्वांत जास्त फिरणारं, ते प्रसिद्धिपत्रक.

वरच्याला खालचा बदलू शकत नाही. परिपत्रकाने नियम बदलत नाही, नियमाने अधिनियम बदलत नाही. खिडकीवर कुणी "आमच्याकडे असं परिपत्रक आहे" म्हणालं की तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असावा: कोणत्या नियमाखाली? परिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात बहुधा त्याचं उत्तर असतंच. नसेल तर तिथूनच शंका घ्या.

राजपत्र: नंबर वाचायला शिका

केंद्राचे कायदे आणि नियम भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. १ ऑक्टोबर २०१५ पासून हे राजपत्र कागदावर छापणं बंद झालं. आता ते फक्त ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर निघतं, आणि तिथली डिजिटल प्रत हीच मूळ प्रत. त्यामुळे दिल्लीत कुणी ओळखीचं शोधायची गरज उरलेली नाही.

राजपत्राचे भाग आणि खंड असतात. सगळे पाठ करायचं कारण नाही. आपल्या कामाचे एवढेच: भाग दोन, खंड एकमध्ये अधिनियम आणि अध्यादेश. खंड दोनमध्ये विधेयकं. खंड तीनच्या पहिल्या उपखंडात सर्वसाधारण वैधानिक नियम, दुसऱ्यात वैधानिक आदेश आणि अधिसूचना. खंड चार सबंध संरक्षण मंत्रालयाच्या वैधानिक नियमांसाठी. धोरणांचे ठराव, ज्यांना कायद्याचं बळ नसतं, ते भाग एकमध्ये. म्हणजे कागद कोणत्या खोलीत ठेवलाय यावरूनच त्याचं वजन कळतं.

पहिल्या पानावर क्रमांक असतो. हिंदीत 'सा.का.नि.' म्हणजे जीएसआर (सर्वसाधारण वैधानिक नियम), 'का.आ.' म्हणजे एसओ (वैधानिक आदेश), 'का.नि.आ.' म्हणजे एसआरओ (वैधानिक नियम आणि आदेश). शेवटी कंसात 'अ' असेल तर तो असाधारण, म्हणजे नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर काढलेल्या, अंकातला. अलीकडच्या अंकांवर आणखी एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, सीजी-डीएल-ई असा सुरू होणारा, आणि त्यात तारीख गुंफलेली असते. हा मिळाला तर शोध मिनिटात संपतो. नाही मिळाला तर मंत्रालय, भाग-खंड आणि तारखांची मर्यादा टाकून चाळत बसावं लागतं. हिंदी मजकूर आधी आणि इंग्रजी मागून येतो. बरेच जण हिंदी पानं संपली की फाईल बंद करतात, मग म्हणतात इंग्रजी नाहीच.

आता 'कधीपासून लागू' या प्रश्नाची मजा बघा. भारतीय न्याय संहिता हा २०२३ चा ४५ क्रमांकाचा अधिनियम. राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्रातली प्रसिद्धी २५ डिसेंबर २०२३ ची. पण कलम १ सांगतं की केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवेल त्या तारखेपासून हा लागू होईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगळ्या तारखाही ठरवता येतील. ती अधिसूचना निघाली २३ फेब्रुवारी २०२४ ला. तारीख ठरली १ जुलै २०२४. आणि त्यातून एक तुकडा बाहेर ठेवला: कलम १०६ चं उपकलम (२), अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं. ट्रकचालकांचा संप आठवत असेल, तो याच उपकलमावरून झाला होता. नुसता अधिनियम उतरवून घेणाऱ्याला ते उपकलम छापलेलं दिसतं. ते लागू केलेलं नव्हतं हे दोन महिन्यांनंतरच्या दुसऱ्या कागदात आहे. पुस्तकात आहे म्हणजे लागू आहे, असं धरून चालायचं नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते. त्यामुळे जुनं पुस्तक रद्दीत घालू नका.

सगळ्या दुरुस्त्या एकत्र केलेला मजकूर हवा असेल तर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर जा. तिथे कलमाखाली तळटीप असते: कोणत्या अधिनियमाने, कधीपासून शब्द बदलले. हे त्या कायद्याचे फेरफार उतारे. कायद्याखालचे नियम आणि अधिसूचनाही शेजारीच जोडलेल्या सापडतात. वाचायला इंडिया कोड सोयीचं, पण वाद झाला तर मूळ राजपत्रच दाखवायचं. दोन्ही उतरवून ठेवा.

महाराष्ट्राचे कागद

राज्याचं राजपत्र वेगळं. महाराष्ट्राचे अधिनियम आणि अध्यादेश मराठीत भाग चारमध्ये येतात, त्यांचा इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये. नाव बदलल्याच्या जाहिराती भाग दोनमध्ये, म्हणून सामान्य पुणेकराचा राजपत्राशी संबंध बहुतेक वेळा तेवढाच येतो. (गॅझेट आणि गॅझेटियर यांत गल्लत नको. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं तीन भागांतलं गॅझेटियर हा माहितीचा ग्रंथ आहे, त्यातून कुणाला आदेश मिळत नाही.)

शासन निर्णय, आपला जीआर, राज्याच्या जीआर संकेतस्थळावर विभागवार मिळतो. तळाशी एक लांब संकेतांक छापलेला असतो, त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी. कुणी जीआर पाठवला की मी आधी तो संकेतांक टाकून बघतो. उघडला तर खरा. संकेतांकातली तारीख आणि वरची तारीख यांत फार अंतर असेल तर संकेतस्थळावरची प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघतो.

जीआर वाचायचा क्रम मात्र उलटा. आपण 'शासन निर्णय' या मथळ्यावर उडी मारतो. त्याआधी 'वाचा' म्हणून जी संदर्भांची यादी असते ती खरी महत्त्वाची. त्यात मागचे जीआर, केंद्राची पत्रं, न्यायालयाचे आदेश क्रमाने असतात. तिथून मागे मागे जात राहिलं की मूळ सापडतं. मग पुढे या: याच विषयावर नंतर शुद्धिपत्रक, पूरक पत्र किंवा आधीचा निर्णय 'अधिक्रमित' करणारा, म्हणजे बाजूला सारून त्याची जागा घेणारा, जीआर निघालाय का? 'अधिक्रमित' हा एक शब्द दिसला की त्यात उल्लेखलेले मागचे निर्णय इतिहासजमा.

सैन्यसेवा: इथे घाई नको

सैन्याच्या बाबतीत कागदांचे तीन थर आहेत आणि ते मिसळले की गोंधळ होतो.

पहिला थर कायद्याचा. सेना अधिनियम १९५०, वायुसेना अधिनियम १९५०, नौसेना अधिनियम १९५७. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सैन्यातल्या माणसांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार दिला आहे, त्यामुळे यातल्या काही तरतुदी नागरी नोकरदाराला कडक वाटतील. सेना अधिनियमाच्या कलम १९१ खाली सेना नियम १९५४ केलेले आहेत. कोर्ट मार्शल, बडतर्फी, मुदतीआधी सोडणं, या सगळ्याची रीत तिथे. सेवेच्या तक्रारींसाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम २००७ आहे, आणि आपल्याकडचं खंडपीठ मुंबईला. हा सगळा थर इंडिया कोड आणि राजपत्रात उघड मिळतो.

दुसरा थर सरकारी पत्रांचा: संरक्षण मंत्रालयाची आणि माजी सैनिक कल्याण विभागाची धोरणपत्रं, पेन्शन रेग्युलेशन्स, अपंगत्व निवृत्तिवेतनाचे पात्रता नियम. तिसरा थर अंमलबजावणीचा: प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाची परिपत्रकं आणि त्यांना जोडलेले तक्ते. निवृत्त माणसाला पैसे मिळतात ते तिसऱ्या थरातून, पण हक्क ठरतो दुसऱ्यात. तक्त्यात आपली रक्कम चुकलेली वाटली तर तक्त्याशी भांडू नका, त्याच्या वरचं पत्र काढा.

एक पद, एक निवृत्तिवेतनाचं (समान पद आणि समान सेवाकाळ तर निवृत्तिवेतनही समान) उदाहरण घ्या. मूळ पत्र ७ नोव्हेंबर २०१५ चं, लाभ १ जुलै २०१४ पासून, आणि दर पाच वर्षांनी फेरआखणी. त्यातली पहिली १ जुलै २०१९ पासूनची, पण मंत्रिमंडळाची मंजुरी आली डिसेंबर २०२२ मध्ये. त्या वेळी काकांच्या फोनवर आलेला मजकूर होता, "सर्व माजी सैनिकांना वाढ." काकांचा एक सोबती २०१६ मध्ये स्वतःहून मुदतीआधी बाहेर पडलेला. तोही पेढे घेऊन आला. कागद काढून बघितला तर १ जुलै २०१४ नंतर स्वतःच्या विनंतीने मुदतपूर्व निवृत्त झालेले त्यात धरलेलेच नव्हते. त्या दिवशी पेढा घशाखाली उतरेना. म्हणून 'लागू कुणाला' हा परिच्छेद आधी आणि रकमेचा नंतर वाचा.

अपंगत्वाच्या प्रकरणांत तारखेला आणखी धार आहे. पात्रतेचे नवे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले आणि ते त्यानंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी आहेत. त्याआधी बाहेर पडलेल्याचं प्रकरण जुन्या नियमांवर तपासायचं. सेवेतून सुटल्याची तारीख डिस्चार्ज बुकवर असते. ती तारीख एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि समोर ठेवूनच बाकीचं वाचा.

भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना एक वेगळं सांगणं. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली: चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, वय साडेसतरा ते एकवीस. दोनच दिवसांत त्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस करण्यात आली. ती सवलत फक्त त्या वर्षाची होती, पण पुढच्या वर्षीही कितीतरी मुलं तेवीस धरून बसली होती. योजनेच्या बातमीवर भरतीची तयारी करू नका. ज्या भरतीत उभं राहायचं तिची अधिसूचना आणि सेवाशर्तींचं पत्रक, दोन्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अकादमीच्या फलकावर लिहिलेलं प्रमाण मानू नका.

आणि एक धोक्याची सूचना. सैन्यातले काही कागद अंतर्गत असतात, त्यांवर 'गोपनीय' किंवा 'मर्यादित' असा शिक्का असतो. असा कागद ग्रुपवर आला तर पुढे ढकलू नका, स्वतःकडेही ठेवू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ अजून लागू आहे आणि "मला कुणीतरी पाठवलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

विज्ञान धोरण: शब्द कमी, आकडे जास्त वाचा

पाषाण रस्त्याने गेलात तर एनसीएल, आयसर, उष्णदेशीय हवामान संस्था, संरक्षणाच्या प्रयोगशाळा असं सगळं एका पट्ट्यात लागतं. तिथे संशोधन करणाऱ्या पोरांनाही विज्ञान धोरणाचा मूळ कागद पाहिलाय का विचारलं तर बहुतेक जण हसतात. त्यांचा दोष नाही. धोरण हा कायदा नसतो, ते मोडलं म्हणून कुणी कोर्टात जात नाही.

तरी क्रम माहीत असावा. ४ मार्च १९५८ चा वैज्ञानिक धोरण ठराव, छोटासा आणि भाषेने देखणा. १९८३ चं तंत्रज्ञान धोरण निवेदन, २००३ चं विज्ञान आणि तंत्रज्ञान धोरण, २०१३ चं विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष धोरण. पाचव्या धोरणाचा मसुदा २०२० च्या अखेरीस लोकांच्या सूचनांसाठी ठेवला गेला. 'मसुदा' हा शब्द मुखपृष्ठावर बारीक असतो, मथळे देणाऱ्यांना तो दिसत नाही. मसुदा धोरण म्हणून उद्धृत केलेले प्रकल्प अहवाल मी वाचले आहेत.

धोरणाचं पुढे काय झालं हे तीन ठिकाणी कळतं. एक, त्यातून कायदा निघाला का. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन अधिनियम २०२३ हा असा कायदा, तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि त्याने २००८ चा, संशोधनाला अनुदान देणाऱ्या एसईआरबी या मंडळाचा कायदा रद्द केला. अनुदानाचा अर्ज करणाऱ्याने जुन्या मंडळाचे नियम धरून चालू नये ते यामुळेच. दोन, पैसे. राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ ला मंजुरी दिली, ६,००३.६५ कोटी रुपये, २०२३-२४ ते २०३०-३१ या आठ वर्षांसाठी. आकडा मोठा आहे, पण अर्थसंकल्पातल्या 'अनुदानांच्या मागण्या' उघडून विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ओळ शोधा. तिथे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी असतात. अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज यांतला फरक हीच खरी बातमी. घोषणा एका रांगेत आणि खर्च दुसऱ्या, असं तिथे उघडंनागडं दिसतं.

तिसरं ठिकाण माझं आवडतं: संसदेच्या विभागसंबंधित स्थायी समित्यांचे अहवाल. १९९३ पासून या समित्या आहेत. संरक्षणाची समिती लोकसभेकडे, विज्ञान-पर्यावरणाची आणि कार्मिक-विधि-न्यायाची राज्यसभेकडे. सचिवांना विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरं आणि समितीचा शेरा एकाच अहवालात. भाषा सभ्य, पण "समिती नाराजी व्यक्त करते" असं वाक्य आलं की समजा आत बरंच झालंय. लगेच त्याच विषयावरचा 'केलेल्या कारवाईचा अहवाल' शोधा. सरकारने शिफारस स्वीकारली, टाळली की उत्तरच दिलं नाही, हे त्यात प्रकरणांनुसार वेगळं केलेलं असतं. याच संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांचे तारांकित-अतारांकित प्रश्न आणि लेखी उत्तरं शब्द टाकून शोधता येतात. ताज्या आकड्यासाठी यासारखी जागा नाही.

देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीत मिळतो: २०२०-२१ साठी जीडीपीच्या ०.६४ टक्के. आकडा देताना वर्ष सोबत द्या, अशी आकडेवारी काही वर्षं मागे चालते.

नाहीच सापडलं तर

माहिती अधिकार. केंद्राकडे ऑनलाइन पोर्टलवरून, दहा रुपये. केंद्राच्या नियमांत अर्ज साधारण ५०० शब्दांपर्यंत चालतो. महाराष्ट्राच्या नियमांत १५० शब्द आणि एकच विषय, त्यामुळे राज्याकडे दोन गोष्टी मागायच्या असतील तर दोन अर्ज. "माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. "अमुक क्रमांकाचं, अमुक तारखेचं पत्र आणि त्याला अधिक्रमित करणारं नंतरचं पत्र, असल्यास, यांच्या प्रती" असं लिहा. उत्तराला ३० दिवस. लष्कर या कायद्यातून सुटलेलं नाही, सुरक्षेची बाब सोडली तर अर्ज चालतो. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था मात्र सूट दिलेल्या संस्थांच्या यादीत आहे, तिथे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाच्या आरोपापुरताच रस्ता उघडा.

पुण्यात पाय झिजवायचे तर

राज्य शासनाची छापील प्रकाशनं, नियमपुस्तिका वगैरे हव्या असतील तर कॅम्पात जीपीओजवळचं शासकीय फोटोझिंको मुद्रणालय आणि तिथलं ग्रंथागार. जाताना प्रकाशनाचं पूर्ण नाव, विभाग आणि वर्ष लिहून न्या. "ते निळ्या मुखपृष्ठाचं" असं सांगून काही मिळत नाही, मी सांगून बघितलंय.

जुने आयोग, समित्या, स्वातंत्र्यापूर्वीचे सरकारी अहवाल यांसाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. बरीच जुनी पुस्तकं त्यांनी डिजिटल करून ठेवली आहेत, आधी घरी बसून यादी बघा. त्याहून मागे, पेशवाई आणि कंपनी काळाच्या दप्तरासाठी कौन्सिल हॉलजवळचं पुराभिलेखागार, पण तो वेगळा छंद आहे.

माजी सैनिकांसाठी राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही. अर्जाच्या सोबत कोणती पत्रं लावायची हे तिथे विचारा. फक्त सांगितलेलं तोंडी ठेवू नका, पत्राचा क्रमांक मागून घ्या.

भाषा, प्रत आणि फाईल

केंद्रीय कायद्याचं मराठी भाषांतर वाचायला घ्या, पण ते प्राधिकृत आहे का ते बघा. १९७३ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला अनुवादच प्राधिकृत पाठ मानला जातो. बाजारातलं भाषांतर समजण्यापुरतं. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश काढा. 'may' ला 'करू शकेल' आणि 'shall' ला 'करील' हा फरक भाषांतरात निसटला तर तुमचा हक्क कुणाच्या तरी मर्जीवर जातो.